प्लॅस्टिकच्या भागांवरचा स्प्रे रंग का तडकतो: बंपर, आरशाची कव्हरं, ग्रिल

रंगपेटी (धागाकर्ता)

गाडीच्या प्लॅस्टिकवर कॅनने मारलेला रंग तडकला की ठरलेलं उत्तर येतं, "प्रायमर मारला नसेल." प्रायमर नसेल तर रंग सोलतो, त्याचे पापुद्रे निघतात. तडकणं हा वेगळा आजार आहे. तोही एक नाही, किमान चार आहेत. निदान चुकलं तर दुसऱ्यांदा मारलेला रंग पहिल्यापेक्षा लवकर जातो. म्हणून आधी तडे नीट बघायचे, कॅन नंतर हलवायचा.

आटलेल्या तळ्याच्या गाळासारखे तुकडे पडलेत आणि ते रंग मारल्यापासून काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत दिसले, तर थर जाड झालाय. वर साय धरली, थिनर खाली अडकलं. ते सावकाश बाहेर पडतं तसा खालचा थर आकसतो आणि वरच्या कडक सायीला ताण सोसत नाही.

दुसरा किंवा तिसरा कोट मारल्यावर काही मिनिटांतच रंग तापवलेल्या दुधाच्या सायीसारखा गोळा झाला, तर खालचा थर अर्धवट वाळलेला होता किंवा वरच्या रंगाचं थिनर त्याला चालणारं नव्हतं. पुढे वाळताना या सुरकुत्याच फाटतात आणि तड्यांसारख्या दिसतात.

रेघा एकमेकींना समांतर आहेत, क्लिपांजवळ, कडेला, जिथे भाग वाकतो तिथेच आहेत, आणि भाग बसवताना किंवा काही आठवड्यांनी आल्यात, तर रंग प्लॅस्टिकपेक्षा कडक आहे.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. केसासारख्या बारीक रेघांची जाळी, बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकाभोवती, तीक्ष्ण कोपऱ्यात किंवा साच्यात प्लॅस्टिक आत शिरतं त्या खुणेजवळ. इथे रंग नाही, खालचं प्लॅस्टिक तडकलेलं असतं. रंगात फक्त त्याची छाया उमटते.

ओळखायला सोपी रीत: अंगठ्याएवढी जागा ६०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने प्लॅस्टिक दिसेपर्यंत घासा. रेघा रंगाबरोबर गेल्या तर दोष रंगाचा. प्लॅस्टिकवर राहिल्या तर आणखी रंग मारून काहीही साधणार नाही.

---

मायक्रॉनमोजे

पहिल्या प्रकाराबद्दल थोडं जास्त, कारण कॅनवाल्यांचं नुकसान बहुतेक तिथेच होतं.

कॅनमधल्या रंगात घन भाग थोडाच असतो, बाकी थिनर आणि दाबाचा वायू. त्यामुळे ओला थर झाकल्यासारखा दिसायला लागला की हात थांबायला हवा. पण "अजून चमक येत नाही" म्हणून माणूस मारत राहतो. आकसण्याचा ताण पातळ थरातही असतो. फरक असा की थर जितका जाड, तितकी तडा पुढे ढकलणारी साठलेली ऊर्जा जास्त. म्हणूनच एकच रंग, एकच कॅन, आणि कव्हरच्या मध्यभागी ठीक पण कडेच्या खाचेत, जिथे रंग साचला, तिथे तडे.

वाळल्यावरची जाडी साधारण अशी असावी: प्रायमर २५ ते ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रंगाचा थर १५ ते २५, क्लिअर (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) ४० ते ६०. सगळं मिळून शंभराच्या आसपास. दोनशेच्या पुढे गेलात की साधा कॅनचा ॲक्रिलिक रंग बंपरसारख्या वाकणाऱ्या भागावर टिकेल ही आशा सोडा.

पत्र्यावर जाडी मोजायचं चुंबकी यंत्र प्लॅस्टिकवर चालत नाही. दोन उपाय आहेत. भागाच्या शेजारी लोखंडी पत्र्याचा छोटा तुकडा चिकटवा, त्यावरही तेच हात मारा आणि यंत्राने तो तुकडा मोजा. यंत्र नसेल तर वजन करा. आरशाच्या एका कव्हरचं बाहेरचं क्षेत्रफळ समजा ४०० चौरस सेंटीमीटर. त्यावर १०० मायक्रॉन थर म्हणजे ४ घन सेंटीमीटर रंग. वाळलेल्या रंगाची घनता १.२ ते १.३ धरली तर साधारण ५ ग्रॅम. रंगापूर्वी आणि चार दिवस वाळल्यावर ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. फरक १० ग्रॅम आला तर थर दुप्पट झालाय.

या वजनाचा आणखी एक फायदा. रोज एकदा तोला. वजन उतरायचं थांबलं म्हणजे थिनर निघून गेलं. "वरून कोरडं लागतं" यापेक्षा हा पुरावा खात्रीचा.

---

नवा_हात

मस्त धागा. एक मूलभूत शंका: भाग कुठल्या प्लॅस्टिकचा हे कसं कळणार? तुकडा पाण्यात टाकायचा, तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर एबीएस, असं वाचलंय.

---

साचेकर

ती चाचणी विसरा. बंपरच्या बाबतीत तर ती उलटं उत्तर देते. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९० ते ०.९१ (पाण्याची १), ते तरंगतं हे खरं. पण बंपरमध्ये शुद्ध माल वापरतच नाहीत. त्यात रबर आणि शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली असते. २० टक्के भुकटी असली की घनता १.०४ च्या आसपास जाते आणि तुकडा बुडतो. एबीएसही १.०४ ते १.०५. दोन्ही बुडणार, आणि तुम्ही पॉलिप्रॉपिलीनला एबीएस समजून चिकटवणारा थर वगळणार.

भाग उलटा करा. आतल्या बाजूला दोन कोनी कंसांमध्ये अक्षरं छापलेली असतात. पीपी, किंवा पीपी अधिक ईपीडीएम आणि पुढे टीडी २० असं काही, म्हणजे रबरमिश्रित पॉलिप्रॉपिलीन आणि २० टक्के खनिज भुकटी. बहुतेक बंपर, चाकांवरच्या कमानी, खालच्या पट्ट्या या गटातल्या. एबीएस किंवा पीसी (पॉलिकार्बोनेट) अधिक एबीएस असेल तर आरशाची कव्हरं, ग्रिल, चाकाच्या टोप्या. पीए आणि जीएफ म्हणजे काचतंतू घातलेलं नायलॉन, दाराच्या मुठींत सापडतं. पीयूआर म्हणजे पॉलियुरेथेन, काही स्पॉयलर आणि जुने मऊ बंपर.

अक्षरं नसतील तर आतल्या बाजूच्या कोपऱ्यात नखाएवढी जागा ३२० नंबरने कोरडी घासा. पावडर पडली तर एबीएसच्या कुळातलं. पावडर न पडता केसाळ तंतू उठले, तर पॉलिप्रॉपिलीन समजून चाला. शंका राहिलीच तरी तेच समजा. एबीएसवर चिकटवणारा पातळ थर बसला तर फार बिघडत नाही, पॉलिप्रॉपिलीनवर तो नसला तर सगळं जातं.

---

रंगपेटी

साचेकर, धन्यवाद. तरंगण्याची चाचणी मीही बरेच दिवस खरी मानत होतो.

त्या चिकटवणाऱ्या थराबद्दल, ज्याला दुकानात प्लॅस्टिक प्रायमर किंवा ॲडहीजन प्रमोटर म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा कमी, मीटरला साधारण ३० मिलिन्यूटन असते, म्हणून रंग त्यावर पसरायलाच तयार नसतो. प्रमोटरमध्ये क्लोरीन जोडलेलं पॉलिओलेफिन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्याच कुळातली रेणूंची लांब साखळी असते. सोबतचं थिनर प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा जरासा फुगवतं, त्यात ही साखळी गुंतते आणि तिचं दुसरं टोक रंगाला धरतं.

आता चूक कुठे होते. हा थर स्वतः मऊ आणि अशक्त असतो. "जास्त चिकटावं" म्हणून दोन-तीन भरगच्च कोट मारले की मधोमध एक लुसलुशीत गादी तयार होते. तिच्यावर कडक रंग बसला की गादी दबते आणि वरचा रंग तडकतो. एक पातळ, जेमतेम ओला कोट पुरे. जास्तीत जास्त दोन. मग कॅनवर लिहिलेली वेळ पाळायची, बहुतेकांवर १० मिनिटं वाट बघून अर्ध्या तासाच्या आत पुढचा थर असं असतं. रात्रभर ठेवून सकाळी रंग मारला तर पकड बरीच कमी होते. वेळ हुकली तर करड्या घासणीने हलकं घासून प्रमोटरचा पातळ कोट परत.

प्रमोटर म्हणजे खड्डे भरणारा प्रायमर नाही. त्यावर प्लॅस्टिकला चालणारा लवचीक प्रायमर वेगळा लागतो, निदान ओरखडे असतील तर.

---

थिनरकाका

धुण्याबद्दल कोणीच बोललं नाही अजून. क्रम उलटा केलात तर बाकी सगळी मेहनत वाया. आधी धुणं, मग घासणं. आधी घासलं तर मेण, सिलिकॉन, साच्यातून सुटण्यासाठी मारलेलं तेल हे सगळं ओरखड्यांत दाबून भरलं जातं.

गरम पाणी, भांड्याच्या साबणाचे काही थेंब, करडी घासणी. नवा, कधीच न रंगवलेला भाग दोनदा. मग भरपूर पाणी ओतून बघा. पाण्याची सलग चादर किमान अर्धा मिनिट राहिली तर जागा स्वच्छ. थेंब होऊन फाटली तर चरबी आहे. ही परीक्षा घासून झाल्यावर घ्यायची. कोऱ्या पॉलिप्रॉपिलीनवर पाणी तसंही थेंबच करतं.

उन्हात पांढुरक्या झालेल्या काळ्या पट्ट्या आणि कमानी: तो पांढरा भुगा म्हणजे उन्हाने मेलेलं प्लॅस्टिक. बोट फिरवल्यावर पांढरं लागत असेल तर घासून काळं, जिवंत प्लॅस्टिक लागेपर्यंत थांबू नका. मेलेल्या थराला चिकटलेला रंग त्याच्यासकट सुटतो.

घासायला सुरुवातीला ४००, प्रायमरवर ६०० ते ८००. पॉलिप्रॉपिलीन ओलंच घासा, नाहीतर तंतू उठतात आणि रंगातून वर डोकावतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसा, एका दिशेने, आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच टिपा. नाहीतर साधं एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचं) थिनर चालतं, तेही लवकर उडतं.

---

साचेकर

काका, शेवटच्या वाक्याला जोरदार असहमती. एनसी थिनर एबीएसवर चालत नाही. धागाकर्त्याने सांगितलेला चौथा आजार तिथूनच येतो.

साच्यात प्लॅस्टिक घाईने थंड होतं तेव्हा आत ताण गोठून राहतो, विशेषतः भोकं, कोपरे आणि जाड-पातळ जोड इथे. एरवी तो निपचित असतो. ॲसिटोन, एनसी थिनर, पेट्रोल यांतलं काही लागलं की ते प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरतं, त्यांची एकमेकींवरची पकड सैल होते आणि तो ताण बारीक भेगा पाडून मोकळा होतो. प्लॅस्टिक विरघळावंच लागतं असं नाही. पुसल्यावर लगेच काही दिसत नाही, रंग बसला, एक-दोन दिवस गेले की जाळी. दोष रंगाला जातो.

पॉलिकार्बोनेट याहून नाजूक, आणि हेडलाइटची काच त्याचीच असते. हेडलाइटच्या काचेभोवती रंगकाम असेल तर तिच्यावर थिनरचा बोळा लागूसुद्धा देऊ नका.

आणि एक: भाग ताणलेल्या अवस्थेत रंगवू नका. क्लिपा अडकवून, स्क्रू आवळून, तारेने वाकवून टांगलेला एबीएसचा भाग म्हणजे बाहेरून दिलेला ताण अधिक रंगातलं थिनर. सुटा करा, मोकळा टांगा.

---

थिनरकाका

पॉलिप्रॉपिलीनवर थिनरने तडे जात नाहीत हे मी म्हणत होतो, पण लिहिताना सरसकट लिहिलं गेलं. एबीएसबाबत तुमचं बरोबर. अल्कोहोलच वापरा सगळे. पॉलिप्रॉपिलीनवर थिनर घेतलंच तर एक भर घालतो: ते थिनर पितं, म्हणून पुसल्यावर अर्धा तास तरी मोकळं ठेवा.

---

नवा_हात

बरं, आता कोट. कॅनवर "एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर" असं लिहिलंय. मधल्या वेळेत काय होतं एवढं?

---

मायक्रॉनमोजे

कॅनमधले रंग ढोबळमानाने दोन जातींचे. ॲक्रिलिक लॅकर फक्त थिनर उडून वाळतो. त्याला परत थिनर लागलं की परत विरघळतो, म्हणून पुढचा कोट केव्हाही मारला तरी खालच्यात मिसळतो. सिंथेटिक एनॅमल मात्र थिनर उडाल्यावर हवेतला ऑक्सिजन घेऊन जाळं विणतो. पहिल्या तासात जाळं विणलेलं नसतं, वरचा कोट खालच्यात मुरतो. दोन दिवसांनी जाळं पक्कं झालेलं असतं, थिनरला दाद देत नाही. मधल्या काळात ते अर्धवट विणलेलं असतं. थिनर आत शिरतं, थर फुगतो, पण विरघळू शकत नाही. मग जागा पुरत नाही म्हणून सुरकुती.

कॅनवर अशी "आत किंवा नंतर" अट दिसली की तो एनॅमल आहे असं धरा. त्यावर ॲक्रिलिक लॅकरचा क्लिअर मारणं टाळाच. त्याचं थिनर जास्त तिखट असतं. लॅकरवर एनॅमल एक वेळ निभावतं, एनॅमलवर लॅकर नाही. प्रायमर, रंग आणि क्लिअर एकाच मालिकेतले घ्या म्हणतात ते यासाठी.

जुन्या रंगावर मारायचं असेल तर आतल्या कडेला पांढऱ्या कापडावर थिनर घेऊन १५-२० सेकंद दाबून धरा. रंग कापडावर उतरला तर जुना थर लॅकर आहे. सुरकुतला तर एनॅमल. काहीच झालं नाही तर टूके (मारण्याआधी हार्डनर, म्हणजे घट्ट करणारं रसायन, मिसळावा लागतो तो रंग), आणि त्यावर घासून काहीही बसतं. (हे फक्त रंगावर. उघड्या एबीएसवर नाही, नाहीतर साचेकर परत येतील.)

---

रंगपेटी

कोटांचा क्रम, आरशाच्या कव्हरसाठी:

१. कॅन २० ते २५ अंशांवर. थंडीत कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवा. कॅन थंड असेल तर दाब कमी, थेंब मोठे आणि थर आपोआप जाड. उकळतं पाणी, शेगडी, हीटर अजिबात नाही, ५० अंशांच्या वर कॅन फुटू शकतो.

२. आतली गोळी वाजायला लागल्यावर तिथून पुढे दोन मिनिटं हलवा. मधे मधे परत. तळाशी बसलेलं रंगद्रव्य नीट मिसळलं नाही तर पहिले कोट पातळ आणि शेवटचे दाट.

३. पहिला कोट धुळीसारखा, खालचा रंग अर्धाअधिक दिसत राहील इतका. लोक इथेच घाई करतात. हा कोट पुढच्याला पकड देतो आणि थिनर प्लॅस्टिकमध्ये मुरू देत नाही.

४. १० मिनिटं. मग मध्यम ओले दोन कोट, प्रत्येकानंतर १० ते १५ मिनिटं. अंतर २० ते २५ सेंटीमीटर, हात कव्हरच्या बाहेर सुरू आणि बाहेरच बंद, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढलेला. कडा आणि खाचा आधी, एकेका झटक्यात. मोठा सपाट भाग नंतर. उलटं केलं की कडांना दोनदा रंग मिळतो आणि तडे तिथूनच सुरू होतात.

५. क्लिअरचे दोन, फार तर तीन.

दमट हवेत मारू नका. सापेक्ष आर्द्रता ७० च्या वर गेली की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि लॅकर दुधाळ होतो. त्याने लगेच तडे नाही जात, पण तो थर कच्चा राहतो.

---

उष्णतामान

वाळवण्याच्या घाईबद्दल लिहितो, कारण हीट गन घेऊन बसणारे बरेच आहेत.

ताजा थर भर उन्हात ठेवला किंवा जवळून गरम हवा मारली तर वरची साय आधी धरते. मग खालचं थिनर बुडबुडे करून किंवा तडे पाडून बाहेर येतं. काळा भाग उन्हात सहज ६५-७० अंशांवर जातो. आधी किमान अर्धा तास सावलीत, वारा न लागता. त्यानंतर उष्णता द्यायचीच तर भागाचं तापमान ५० ते ६० अंशांच्या पुढे नको. बंपर त्या तापमानाला स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून तीन-चार ठिकाणी आधार हवा.

दुसरं, प्लॅस्टिक फुगतं-आकसतं किती याचा अंदाज असावा. पोलाद अंशामागे मीटरला ०.०१२ मिलिमीटर वाढतं. भुकटीवालं पॉलिप्रॉपिलीन ०.०६ ते ०.०९. दीड मीटरचा बंपर रात्रीच्या १५ अंशांवरून दुपारी ५५ वर गेला की ४ ते ५ मिलिमीटर लांबतो. तेवढाच पत्रा पाऊण मिलिमीटरही नाही. पत्र्यावर वर्षानुवर्षं टिकलेला रंग बंपरवर तडकतो यात नवल काही नाही.

---

लवचीक

यावरून हार्डनर आणि फ्लेक्सचा (थर लवचीक करणाऱ्या मिश्रणाचा) मुद्दा. टूके क्लिअर वापरणाऱ्यांसाठी.

डब्यावर २:१ लिहिलं असेल तर मोजपट्टीच्या भांड्यात २:१ च. "थोडा हार्डनर जास्त टाकला की लवकर वाळतं" हा सल्ला बंपरचा शत्रू आहे. हार्डनरमधलं जादा आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याशी जुळून थर काचेसारखा करतं. कमी टाकलं तर थर मऊ आणि थिनरला कच्चा राहतो.

फ्लेक्स ॲडिटिव्ह सगळ्यांना लागतं असं नाही. पॉलिप्रॉपिलीन किंवा एबीएसच्या ताठ भागांवर बरेच आजचे टूके क्लिअर तसेच चालतात, त्यांच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं. मऊ पॉलियुरेथेन स्पॉयलर, बंपरची खालची लवलवती पट्टी, तिथे घालायचंच, पत्रकात दिलेल्या प्रमाणात. जास्त घातलं तर वाळायला वेळ लागतो आणि चमक मरते. हार्डनरशिवायच्या कॅनच्या रंगात ते मिसळता येत नाही. तिथे लवचीकपणाचा एकच मार्ग: थर पातळ ठेवा.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. वरचा रंग ठिसूळ असेल तर त्याच्यातला तडा खालच्या प्लॅस्टिकला खाच पाडल्यासारखा वागतो. न रंगवलेला बंपर जो धक्का पचवतो, तोच जाड ठिसूळ रंगाखाली चिरतो.

टूकेत आयसोसायनेट असतं. धुळीचा मास्क तिथे बिनकामाचा आहे आणि कोळशाची डबी लावलेल्या मास्कवरही निर्धास्त राहू नये, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर हार्डनरवालं काम पेंटिंगवाल्याकडे द्या. साध्या कॅनलाही कोळशाची डबी आणि मोकळी हवा हवीच.

---

थिनरकाका

लांबीचं, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचं राहिलं. पत्र्यासाठीची पॉलिस्टर लांबी बंपरवर खडूसारखी बसते. पहिल्या धक्क्यात तिच्या कडेने गोल तडा उठतो, रंगातून तिचा नकाशाच दिसतो. प्लॅस्टिकसाठीची लवचीक लांबी वेगळी मिळते. तीही दोन-तीन मिलिमीटरच्या आत, आणि कडा नखाला न लागेपर्यंत घासलेल्या. एनसी पुट्टी तर नकोच, ती आठवडाभर आकसत राहते.

चिरलेला बंपर असेल तर वरून लांबी भरून उपयोग नाही. आधी आतून जोड किंवा वेल्ड, चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक, मग वरचं काम.

---

नवा_हात

आणि ज्यावर आधीच चिखलासारखे तडे पडलेत त्याचं काय? वरून प्रायमरचा जाड कोट मारून भरून येईल का?

---

रंगपेटी

नाही. तडे खालून चालत वर येतात. भरलेला प्रायमर तिथे जाडच होतो, म्हणजे नवा तडा तिथेच.

आधी आठवडाभर नुसता ठेवा, अडकलेलं थिनर जाऊ दे. ओला असताना घासलात तर पेपर चिकटून गोळे होतात. मग २४० ने, तडे पूर्ण जाईपर्यंत, बहुतेक वेळा प्लॅस्टिकपर्यंत. नुसते तडेच घासायचे नाहीत, चारी बाजूंनी हाताएवढा पट्टा उतरता करायचा. नंतर ४००, धुणं, आणि सगळा क्रम पहिल्यापासून. रंग काढायला पत्र्याचं पेंट रिमूव्हर वापरू नका, एबीएस त्याने विरघळतं.

फक्त सुरकुत्या असतील आणि खालचा थर घट्ट असेल तर ४८ तासांनी सपाट घासून, त्याच जातीच्या रंगाचे धुळीसारखे तीन-चार कोट, प्रत्येकात १५ मिनिटं. ओला कोट सगळ्यात शेवटी एकच.

---

साचेकर

आणि प्लॅस्टिकच तडकलेलं असेल तर: रेघा नखाला लागत नसतील तर घासून जातात का बघा. अर्धा मिलिमीटर घासूनही दिसत असतील तर भाग बदला. स्क्रूच्या भोकाभोवती असतील तर न घासताच बदला, तो भाग आवळताना फुटणार आहे.

---

उष्णतामान

पूर्ण भाग रंगवण्याआधी आतल्या बाजूला तळहाताएवढा नमुना करा, सगळे थर लावून. सात दिवसांनी नव्या पात्याने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा प्लॅस्टिकपर्यंत कापा, पंचवीस चौकोन होतात. घट्ट चिकटपट्टी दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. कडांचे कण निघाले तर चालेल. पूर्ण चौकोन निघाले तर बघा पट्टीवर काय आहे: तळाशी प्रमोटर दिसत असेल तर धुणं-घासणं चुकलं, प्रायमरची पाठ दिसत असेल तर प्रमोटरची वेळ हुकली.

तडकण्यासाठी वेगळी परीक्षा: त्याच प्लॅस्टिकची पट्टी रंगवून चार-पाच सेंटीमीटर जाडीच्या नळीभोवती रंग बाहेर ठेवून हळू वाकवा, एकदा खोलीच्या तापमानाला, एकदा तासभर फ्रीजमध्ये ठेवून. फ्रीजनंतरच तडकली तर थर जरा पातळ केला तरी भागेल. खोलीतच तडकली तर रंगाची जात बदला.

---

नवा_हात

शेवटची शंका. रंग झाला, कव्हर परत कधी बसवायचं? हाताला तर दुसऱ्या दिवशीच कोरडं लागतं.

---

लवचीक

साध्या कॅनचा रंग असेल तर किमान सात दिवस, थंडीत दहा. टूके असेल तर २० अंशांवर दोन दिवसांनी बसवता येतं. बसवताना भाग गार नको. २५ अंशांच्या आसपास खोलीत तासभर ठेवा, क्लिपांना सिलिकॉनचा नाही तर साबणाच्या पाण्याचा थेंब लावा, आणि आधी वाकवावी लागणारी बाजू अडकवा, शेवटी ताठ. क्लिपेच्या मुळाशी आतल्या बाजूला रंग साचला असेल तर पात्याने खरवडून काढा, तिथला जाड गोळा क्लिप वाकली की पहिला तडकतो आणि रेघ बाहेर येते. धुण्याचा जोरदार पाण्याचा फवारा आणि पॉलिश दोन्ही महिनाभर लांब.

---

नवा_हात

क्लिपेजवळचे गोळे आत्ता बघितले, दोन्ही कव्हरांत आहेत. खरवडतो. काट्यावर फरक ७ ग्रॅम आलाय.

---

मायक्रॉनमोजे

म्हणजे १४० मायक्रॉनच्या आसपास, आणि त्यातले थोडे ग्रॅम त्या गोळ्यांचे. आरशाच्या कव्हरला चालून जाईल. बंपरला मात्र क्लिअरचा एक कोट कमी करा.